वीस जणांची शेवभाजी, कमी तिखटवाल्यांसकट

खान्देशात पाहुणे जमले की शेवभाजीचं पातेलं चढतंच. आणि पंगतीत निम्मे लोक तर्री मागून घेणारे, दोन-चार लहान मुलं, एखादी पित्ताचा त्रास असलेली आजी आणि पुण्या-मुंबईकडून आलेले, काळा रस्सा बघूनच पाण्याचा ग्लास भरून ठेवणारे पाहुणे असतात. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक होतं. एक तर सगळ्यांसाठी झणझणीत करून बाकीच्यांना वरण-भातावर बसवतात, नाही तर ‘आज जरा कमीच टाकू’ म्हणत मसाल्यालाच हात आखडतात. मग रस्सा पाणचट होतो आणि कोणीच मनापासून जेवत नाही.

कमी तिखट खाणाऱ्याने मसाला कमी मागितलेला नसतो. भाजलेला कांदा, जाळलेलं खोबरं, लसूण, दगडफूल, धणे ही शेवभाजीची चव. मिरची त्याच्यावरचा जाळ. चव सगळ्यांच्या वाटीत सारखी जायला हवी, जाळ मात्र ज्याचा त्याने घ्यावा. म्हणून पातेल्यात पूर्ण मसाल्याचा, सौम्य तिखटाचा रस्सा करायचा आणि तिखट वेगळ्या भांड्यात, तर्रीच्या रूपात ठेवायचं. वीस माणसांचं हे गणित खाली मापासकट दिलं आहे.

आधी माणसं मोजा

‘तिखट चालतं ना?’ असं विचारलं की खान्देशात सगळेच हो म्हणतात, नाही म्हणायला लाज वाटते. त्यापेक्षा ‘ढाब्यावरची शेवभाजी तर्रीसकट खाता की तर्री बाजूला सारून?’ असं विचारा. खरं उत्तर मिळतं.

वीस जणांत साधारण चार जण तर्री अजिबात न घेणारे, आठ जण चहाचा एक चमचा घेणारे, सहा जण मोठा चमचाभर घेणारे आणि दोघे मोठे दोन चमचे घेणारे धरा. चहाचा चमचा ५ मिली आणि मोठा चमचा १५ मिली धरला तर ४०, ९० आणि ६० मिळून १९० मिली तर्री झाली. दुसऱ्यांदा वाढताना लोक हात सोडतात, म्हणून ३०० मिली तेलाची तर्री करायची. तुमच्याकडे तिखट खाणारे जास्त असतील तर तर्री वाढवा, पातेल्यातली मिरची वाढवू नका. पातेल्यात पडलेलं तिखट परत काढता येत नाही, वाटीत मात्र केव्हाही घालता येतं.

मिरची कोणती

थंडीच्या दिवसांत नंदुरबारकडे गेलात तर पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे वाळताना दिसतात. तिथून मिरची आणा किंवा गावातल्या दुकानातून, पण ‘लाल तिखट’ एवढंच सांगून आणू नका. रंगाची मिरची वेगळी आणि जाळाची वेगळी. ब्याडगी आणि काश्मिरी रंग देतात, जिभेला फार लागत नाहीत. लवंगी आणि तेजा कित्येक पट तिखट. मिसळणीचं तिखट किती लागेल हे नाव वाचून कळत नाही, कारण एकाच जातीच्या मिरचीतही शेतागणिक आणि हंगामागणिक फरक पडतो.

म्हणून नव्या तिखटाची परीक्षा आधी घ्या. पाव चमचा तिखट मोठ्या चमचाभर कोमट तेलात कालवा, दहा मिनिटं ठेवा, त्यातलं थोडं भाकरीच्या तुकड्याला लावून खा आणि मिनिटभर थांबा. कोरडं तिखट जिभेवर ठेवून अंदाज चुकतो. मिरचीचा तिखटपणा ज्या घटकामुळे येतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. तेलात उतरल्यावरच तिखटाचं खरं बळ कळतं. पुढची सगळी कृती याच एका गुणावर उभी आहे.

अख्खी मिरची घरी कुटणार असाल तर आणखी एक गोष्ट. बहुतेक जण बिया झटकतात आणि तिखट कमी झालं असं समजतात. तिखटपणा मुख्यतः बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या फिकट शिरेत असतो, बियांना तो तिथूनच लागतो. ब्याडगी देठ काढून उभी चिरा आणि आतली शीर बियांसकट ओढून काढा, मग कुटा. मुलांच्या रस्स्याला रंग येईल आणि जाळ बराच उतरेल. हे करताना हाताला आधी तेल चोळून घ्या. नंतर आग झालीच तर पुन्हा तेल चोळून, मग साबणाने धुवा. नुसतं पाणी ओतून फायदा होत नाही.

सामान

सहा लिटर रस्सा, म्हणजे माणशी ३०० मिली. दहा लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या.

मसाल्यासाठी:
- कांदे दीड किलो, सालासकट
- सुकं खोबरं ३५० ग्रॅम, अख्ख्या वाट्या
- लसूण १५० ग्रॅम, आलं ७५ ग्रॅम
- कोथिंबिरीची मोठी जुडी, काड्यांसकट
- धणे ७० ग्रॅम, जिरे १५ ग्रॅम, तीळ ३० ग्रॅम, खसखस २० ग्रॅम
- दगडफूल ५ ग्रॅम, दालचिनी ६ ग्रॅम, लवंगा १२, मसाला वेलची ५, तमालपत्राची पानं ६, चक्रीफुलं २, जायपत्रीचा छोटा तुकडा
- मिरे ८ ग्रॅम, चार-चार ग्रॅमचे दोन भाग करून
- हळद दोन चहाचे चमचे, मीठ ५० ग्रॅम (सुरुवातीला)
- ब्याडगीचं तिखट ३० ग्रॅम
- शेंगदाणा तेल ३०० मिली

तर्रीसाठी:
- शेंगदाणा तेल ३०० मिली
- लवंगी किंवा तेजाचं तिखट ४० ग्रॅम
- ब्याडगीचं तिखट २० ग्रॅम

सोबत भाजीची जाड शेव १,२०० ग्रॅम, पन्नास भाकरीचं पीठ (पावणेचार किलोच्या आसपास), लिंबं, कांदा, ताक किंवा दही.

मिऱ्याचे दोन भाग करण्याचं कारण आहे. मिरी, लवंग आणि आलं यांचाही स्वतःचा उष्ण तिखटपणा असतो. मिरची अगदी कमी घालूनही मूल ‘हाय हाय’ करतं तेव्हा दोष बहुतेक वेळा जास्त पडलेल्या मिरी-लवंगेचा असतो. अर्धी मिरी मसाल्यात घाला, अर्धी जाडसर कुटून तर्रीत. लवंगा बाराच्या वर नेऊ नका.

मसाला भाजणं

शेवभाजी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. कांदे साल न काढता थेट निखाऱ्यावर, गॅसच्या बर्नरवर किंवा जाळीवर ठेवा. बाहेरून काळेठिक्कर आणि दाबले की आतून मऊ व्हायला हवेत. मध्यम कांद्याला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, दर तीन-चार मिनिटांनी फिरवा. घाईने मोठ्या आचेवर ठेवलेला कांदा बाहेरून जळतो आणि आत कच्चा राहतो. असा कांदा वाटला की रस्सा उग्र लागतो, मग तो लपवायला लोक तिखट वाढवतात. भाजलेले कांदे दहा मिनिटं झाकून ठेवा, वरची कोळसा झालेली सालं काढून टाका. खालच्या पापुद्र्यावरचे काळे डाग तसेच राहू द्या, धुराचा वास त्यातच आहे. पाण्याखाली धुऊ नका.

खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट आचेवर फिरवा. तिला स्वतःचं तेल असल्याने ती पेट घेते. पेटली की फुंकून विझवा, पुन्हा धरा. बाहेरून काळी आणि तोडल्यावर आत गडद तपकिरी झाली की बास. आतपर्यंत काळी झाली तर तो तुकडा बाजूला काढा, कारण जळक्या खोबऱ्याचा कडवटपणा कशानेच जात नाही. भाजून झाल्यावर वरची राख कोरड्या फडक्याने पुसा आणि वाटी फोडून बारीक तुकडे करा.

खडे मसाले थोड्याशा तेलावर मंद आचेवर, पण एकदम नव्हे. आधी दालचिनी, वेलची, चक्रीफूल, लवंगा आणि चार ग्रॅम मिरे. मग तमालपत्र, दगडफूल आणि जायपत्री. त्यानंतर धणे, ते जरा रंगले की जिरे. तीळ आणि खसखस शेवटी, कढई आचेवरून उतरवून तिच्या उरलेल्या उष्णतेवर. या दोन्हींना करपायला अर्धं मिनिट पुरतं.

वाटताना आधी खडे मसाले आणि खोबरं कोरडं फिरवा. पूड झाली की त्यात कांदा, आलं, लसूण आणि कोथिंबीर घालून लागेल तेवढंच पाणी घालत गंधासारखं वाटा. सगळं एकदम भरलं तर धण्याची सालं आणि खोबऱ्याचे कण तसेच राहतात आणि रस्सा खाली बसतो.

लक्षात घ्या, या वाटणात अजून मिरची नाही.

परतणं आणि दोन वाट्या बाजूला

पातेल्यात ३०० मिली तेल तापवून वाटण घाला, हळद घाला आणि मध्यम आचेवर परतत राहा. एवढ्या वाटणाला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. पहिली दहा मिनिटं ते नुसतं फदफदतं आणि बुडाला धरतं, तेव्हा उलथन्याने बूड खरवडत राहा. नंतर पाणी आटतं, रंग गडद होतो, वाटण एकत्र गोळा व्हायला लागतं आणि कडेने तेल सुटतं. उलथन्याने मध्यभागी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहून तिच्यात तेल उतरलं पाहिजे. त्याआधी पाणी ओतलं तर कच्च्या लसणाचा वास आणि वर फेस, दोन्ही येतात.

तेल सुटलं की सर्वांत आधी दोन वाट्या परतलेला मसाला वेगळा काढून झाकून ठेवा. त्यात तिखटाचा कणही नाही. अगदी लहान मुलांसाठी यातला एक वाटी मसाला तीन वाट्या आधणाच्या पाण्यात, चवीपुरतं मीठ घालून दहा मिनिटं उकळा, त्यांचा रस्सा तयार. दुसरी वाटी राखीव. पातेलं चुकून जास्त तिखट झालंच तर हीच वाटी उपयोगी पडते.

आता आच अगदी मंद करा आणि पातेल्यात ब्याडगीचं ३० ग्रॅम तिखट घाला. दोन मिनिटं परता. तिखट तेलात फुललं पाहिजे, काळं पडता कामा नये. काळं पडलं तर रंग जातो, चव कडवट होते आणि घरभर ठसका उठतो.

पाणी

पाणी आधणाचं हवं, चांगलं खळखळलेलं. सव्वाचार लिटर. दुसऱ्या शेगडीवर ते आधीच ठेवा. ओतण्यापूर्वी पातेल्यातला परतलेला मसाला तीन मोठे चमचे तर्रीसाठी काढून ठेवा. थंड पाणी ओतलं की तापलेला मसाला एकदम थिजतो, तेल त्यातच अडकून बसतं आणि तवंग वर यायला फार वेळ लागतो. पहिलं लिटरभर पाणी थोडं थोडं घालत मसाला सारखा कालवा, गुठळ्या मोडल्या की उरलेलं ओता. मीठ घाला. एक उकळी आली की आच कमी करा आणि पातेल्यावर अर्धवट झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बारीक उकळू द्या. मोठ्या आचेवर धडाधड उकळलं तर तेल रस्स्यात मिसळून जातं आणि रस्सा गढूळ दिसतो. बारीक उकळीत तेल आपोआप वर येतं.

रस्सा पळीतून सुटसुटीत पडला पाहिजे. शेवभाजीचा रस्सा आमटीपेक्षा थोडा पातळच बरा, कारण शेव वाटीतलं पाणी पिते.

तर्री

तर्री छोट्या पण खोल स्टीलच्या भांड्यात करा. उथळ भांड्यात फेस उतू जातो. भांडं कोरडंठाक हवं.

तेल धूर येईपर्यंत तापवून गॅस बंद करा. पाच-सात मिनिटं थांबा. चिमूटभर तिखट टाकून पाहा. तेल फेसाळलं आणि तिखट लाल राहिलं तर बरोबर. टाकताक्षणी काळं पडलं तर आणखी दोन मिनिटं थांबा. काहीच झालं नाही तर तेल फार निवलंय, जरा गरम करा. आता दोन्ही तिखटं आणि जाडसर कुटलेले चार ग्रॅम मिरे घालून हलवा. फेस बसला की पातेल्यातला परतलेला मसाला तीन मोठे चमचे घाला. हा मसाला पाणी ओतण्यापूर्वीच काढून ठेवलेला असला पाहिजे. मंद आचेवर दोन मिनिटं हलवून उतरवा. नुसतं तिखट तेलात टाकून केलेली तर्री जाळ देते, पण वाटीत तरंगत वेगळी पडते. मसाला घातलेली रस्स्यात मिसळते.

दहा मिनिटं निवल्यावर तयार रस्स्याची एक पळी तिच्यात हळूहळू घाला. तेल कढत असताना पाण्याचा अंश गेला तर अंगावर उडतं, इथे घाई नको. मुलं स्वयंपाकघरात असतील तर हे काम त्यांना बाहेर पाठवून करा. मिरचीच्या वाफेने खोकला लागतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि पंखा भांड्यावर येणार नाही असा वळवा.

या तर्रीच्या मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास तिखट असतं आणि त्यातलं दोन तृतीयांश जाळाचं. पातेल्यातल्या एका वाटीत ब्याडगी जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे एकाच पातेल्यातून वाढलेल्या दोन वाट्यांत किती फरक पडतो बघा.

चव कोणी बघायची

स्वयंपाक करणाऱ्याने नाही, निदान एकट्याने नाही. तीन-चारदा चाखल्यावर जीभ मिरचीला सरावते आणि ‘अजून थोडं हवं’ वाटायला लागतं. घरातल्या कमी तिखट खाणाऱ्या माणसाला बोलवा. एक चमचा देऊन मिनिटभर गप्प बसू द्या, कारण मिरची घशात मागाहून चढते. आणि चव बघायची ती रस्सा वीस मिनिटं उकळल्यानंतर. सुरुवातीच्या घोटाचा भरवसा नाही, तिखट तेलात उतरत जाईल तसा रस्सा चढतो.

कढत रस्सा जास्त तिखट लागतो तो भास नाही. जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे जाणीव टिपणाऱ्या प्रथिनाला) उष्णता कळते, त्यालाच कॅप्सेसिनही चेतवतं. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं ते याच ग्राहकावरच्या कामासाठी. तेव्हा मुलांची वाटी दहा मिनिटं आधी भरून निवू द्या. तिखट तेवढंच राहतं, पण कितीतरी सौम्य लागतं.

शेव

सगळं सांभाळून झाल्यावर इथे पाय घसरतो. भाजीची शेव पुष्कळदा स्वतःच तिखट असते. घेताना चाखून घ्या आणि दोन प्रकारची आणा: ८०० ग्रॅम तिखट, ४०० ग्रॅम फक्त ओवा-हिंगाची. दोन्ही जाड आणि कडक. हलकी, कुरकुरीत, सोडा घातलेली फरसाणातली शेव रस्स्यात पडली की मिनिटभरात लगदा होते. घरी पाडायची असेल तर किलोभर बेसनाला ८० मिली कडकडीत तेलाचं मोहन, १५ ग्रॅम मीठ, ओवा, हळद, हिंग, घट्ट पीठ आणि जाड भोकाची चकती. सोडा नको.

शेव पातेल्यात घालायची नाही. वाटीत मूठ-दीड मूठ शेव, तिच्यावर उकळता रस्सा, दोन मिनिटं दम, मग तर्री. पातेल्यात घातली तर पहिल्या पंगतीला बरं लागतं, दुसऱ्या पंगतीपर्यंत रस्सा पिठलं होतो. शेवेत मीठ असतं म्हणून रस्सा मिठाला किंचित कमीच ठेवा. शेव घातलेली एक वाटी खाऊन पाहिल्यावरच मीठ वाढवा.

वाढणं

पळ्या वेगळ्या ठेवा. तर्रीची पळी रस्स्यात गेली की सगळी मेहनत वाया. तर्रीच्या भांड्यावर अख्खी लाल मिरची ठेवा, म्हणजे वाढपी बदलला तरी गोंधळ होत नाही. तर्रीला मोठी पळी देऊ नका, मापाचाच चमचा द्या. आधी मुलं आणि तर्री न घेणारे वाढून घ्या, मग बाकीचे. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला चहाचा एक चमचा तर्री घालून द्या आणि भांडं त्याच्यापाशी ठेवा.

त्याहूनही वर हवं असणाऱ्यांसाठी हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तव्यावर भाजलेल्या, मीठ लावलेल्या मिरच्या ताटात डावीकडे. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) किंवा ज्वारीची भाकरी, वर तुपाची धार. तूप तिखट कापतं, कारण कॅप्सेसिन स्निग्धात विरघळतं. जाळ झालाच तर पाण्याने तो तोंडभर पसरतो. ताक, दही किंवा दूध द्या. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उतरवतं. दही रस्स्यात घालू नका, कढत मसाल्यात फाटतं. वाटीजवळ वेगळं द्या.

कांदा-लसूण न खाणारं कोणी असेल तर वेगळं छोटं पातेलं लागतंच. खोबरं, तीळ, धणे, आलं आणि हिंग यांच्यावर त्यांचा रस्सा करा. कांद्याच्या रस्स्यातून तो ‘काढता’ येत नाही.

पातेलं तिखट झालंच तर

ब्याडगी समजून तेजाचं पाकीट फोडलं गेलं, असं घडतं. घाबरून पाणी ओतू नका, पाण्याने मीठ-मसाला पातळ होतो आणि तिखट तवंगातच राहतं. उलट आच बंद करून दहा मिनिटं पातेलं अजिबात हलवू नका. तवंग वर जमला की पसरट पळीने तो अलगद काढून घ्या. तिखटाचा मोठा हिस्सा त्या तेलाबरोबर बाहेर येतो. फेकू नका, ती आयती तर्री आहे. मग राखून ठेवलेली बिनतिखटाची वाटी दोन मोठे चमचे तेलात परतून, दोन वाट्या आधणाच्या पाण्याबरोबर घाला आणि दहा मिनिटं उकळा. तरीही जास्त वाटलं तर शंभर ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक वाटण घाला. रस्सा दाट होईल म्हणून पाणी जुळवून घ्या.

बटाटा टाकून तिखट शोषलं जातं असं सांगतात. बटाटा स्वतः तिखट होतो एवढंच, बाकीचा रस्सा आहे तसाच राहतो. गूळ सुपारीएवढा चालेल, त्याहून जास्त घातला की शेवभाजीची चवच बदलते.

रस्सा कडू लागत असेल तर तो तिखटाचा दोष नाही. खोबरं आतपर्यंत जळलंय किंवा तिखट करपलंय. त्याला उपाय नाही. तिखट करपलं असेल तर राखीव मसाल्यावर जेवढा होईल तेवढा नवा करा. खोबरं जळलं असेल तर राखीव मसालाही कडूच असतो.

हेच भरिताला

जळगावकडे थंडीत भरिताचा बेत असला तर तत्त्व हेच, फक्त तिथे तेलाऐवजी ठेचा तिखट वाहतो. वीस जणांना साडेचार किलो हिरवी-पांढरी भरिताची वांगी. कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, ओखळीत ठेचा, पण मिरची न घालता. ठेचलेल्यातला एक तृतीयांश आधी बाजूला काढा. उरलेल्यात दीडशे ग्रॅम भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणाचा ठेचा मिसळा. फोडणीही दोन वेगळ्या कढयांत: सौम्य भरिताला कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि न चिरलेल्या दोन-तीन अख्ख्या मिरच्या, ज्या वाढण्याआधी काढून घेता येतात. चिरलेली मिरची तेलात गेली की ती काढून उपयोग नाही, तिचं काम झालेलं असतं. आणि सौम्य भरीत आधी ठेचा, मग तिखट. उलट केलंत तर ओखळीलाच मिरची लागलेली असते.

उरलं तर

रस्सा आणि शेव वेगळी असतील तर दुसऱ्या दिवशीही ताजीच शेवभाजी होते. रस्सा लहान भांड्यांत ओतून निववा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, खाताना खळखळून उकळा. रात्रभरात तो आणखी मुरतो आणि थोडा जास्त तिखट वाटतो, म्हणून मुलांना देताना आधी चाखा. तर्रीत लसणाचा मसाला आहे, ती बाहेर ओट्यावर ठेवायची नाही. झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. डुबुकवड्यांच्या आमटीवर किंवा फुणक्यांसोबतच्या कढीवर ती छान लागते.